परिशिष्ट ड

बासष्ट प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते पाच.
खाडीपूल, टप्पा दोन, सहामाही अहवाल.
गुण मी देते.

सिमेंटच्या जागी किती राख मिसळली,
याला गुण आहेत. राखेला चांगले मिळतात.
रात्री खांब ठोकताना आवाज किती,
हे यंत्र सांगतं, मी फक्त ते कठड्यावर ठेवते
आणि बाजूला उभी राहते, श्वाससुद्धा हळू घेत,
माझा आवाज त्यात मोजला जाऊ नये म्हणून.

दोनशे चौदा झाडं उपटून
देवनारच्या मोकळ्या पट्ट्यात नेऊन लावली.
जगली किती?
नखानं साल खरवडायची.
आत हिरवं दिसलं की जिवंत.
एकशे एकतीस भरली.
मुकादम म्हणाला, थोडं खाली खरवडा मॅडम,
वरून आधी वाळतं.
खाली खरवडलं.
एकशे अडतीस.
नखांतला तो हिरवा रंग
डबा उघडेपर्यंत तसाच होता.

प्रश्न एक्केचाळीस: स्थानिकांचा सहभाग.
सह्या मोजायच्या. अंगठे वेगळे.
ट्रॉम्ब्याच्या धक्क्यावर, ओहोटी लागताना,
पोशीबाई वैती खुब्यांची पाटी घेऊन निघाली होती.
तिला म्हटलं, पुलामुळे काही फरक?
ती थांबली नाही. चालता चालता म्हणाली,
पयलं ढोपराला चिखल व्हता,
आता मांडीला लागतंय.
पाटी भरायला दोन ओहोट्या जातात.
आणि अंगठा कुठं द्यायचा ते दाखव,
पानी थांबत नाय.

बासष्ट प्रश्नांत चिखल नव्हता.
गाळाचे नमुने होते, तीन बाटल्या,
प्रयोगशाळेचा शिक्का, मर्यादेच्या आत.

रात्री मी एक ओळ लिहिली:
गाळाची खोली, पूर्वी १ ढोपर, आता मांडीपर्यंत.
मोजणारी: पो. वैती, अनुभव चाळीस वर्षं.

कुरुविला साहेबांनी चष्मा कपाळावर नेला.
हे एकक कोणतं?
मी सांगितलं.
त्यांनी पेन्सिल उचलली, खोडायला म्हणून,
मग तिच्या मागच्या टोकानं
बराच वेळ कान खाजवत बसले.
त्यांची आई वेंबनाडच्या काठची, हे मला माहीत होतं,
पण त्या दिवशी ते काही बोलले नाहीत.
परिशिष्टात टाक, म्हणाले,
ड मध्ये.
तिथवर कोणी येत नाही.

तीनशे दहापैकी दोनशे एक्केचाळीस.
अठ्ठ्याहत्तर टक्के. श्रेणी: उत्तम.
लॉबीत फलक लागला, पेढे आले,
राखेबद्दल एकजण दहा मिनिटं बोलला.
मीही टाळ्या वाजवल्या.
पूल चांगला झालाय, खोटं कशाला बोलू,
रुग्णवाहिका आता अकरा मिनिटांत जाते,
ते मी स्वतः घड्याळ लावून पाहिलंय.

पुढच्या सहामाहीला माझ्या जागी नवा मुलगा आला,
खुशाल निखाडे, वर्ध्याचा.
त्याचा फोन आला, दुपारी, जेवणाच्या वेळी.
मॅडम, परिशिष्ट ड वाचलं.
मी घास तसाच धरून ठेवला.
मागचं मोजमाप पुढं चालवायचं असतं ना,
म्हणून विचारतो,
ढोपर म्हणजे गुडघा की कोपर?
आमच्याकडे कोपराला म्हणतात.
हात घालून मोजलं असेल
तर आकडा अगदीच वेगळा येतो.

मला हसू यायला हवं होतं.
गुडघा, म्हटलं, गुडघाच.
आणि मग खात्री वाटेना.
खुबे काढताना तर ती वाकते,
हातच आत जातो तिचा.
मी तिला चिखलात उतरताना पाहिलंच नव्हतं.
मी धक्क्यावर उभी होते, बूट घालून,
सह्यांचा कागद वाऱ्यावर उडू नये म्हणून
दोन्ही हातांनी धरून.

विचारून सांगते, म्हटलं.
ओहोटी किती वाजता आहे, बघ जरा.

तो म्हणाला, मी आत्ता तिथंच आहे.
पाणी उतरतंय.
बूट काढू का?