तक्रार : रोज संध्याकाळी

फणसळकर बाईंनी चहाआधी वही दिली.
किराणा हिशेबाचं शेवटचं पान,
तारखा डावीकडे, वेळा उजवीकडे.
चौदाला पाच पंचेचाळीस,
सतराला पाच अठ्ठेचाळीस,
तेवीसला पाच त्रेपन्न.
पुढे सगळीकडे एकच शब्द : "फुटलं."

म्हणजे चित्र.
बातम्या देणाऱ्या मुलीचा जबडा डाव्या कोपऱ्यात सरकतो,
हिरवे चौकोन, मग जांभळे,
आवाजाला उचकी,
आणि निळ्या पडद्यावर पाटी, सिग्नल उपलब्ध नाही.
रात्री अकराला आपोआप बरं.

माझ्याआधी कंपनीची दोन पोरं येऊन गेलेली.
एकानं छत्री हलवली, दुसऱ्यानं डबा बदलला,
दोघांनी ढगांवर ढकललं.
जानेवारीत ग्वाल्हेरला ढग कुठले, धुकं असतं,
आणि धुकं घड्याळ बघून येत नाही.

मी दौलतगंजातला मिस्त्री.
पिशवीत टेस्टर, पकड, काळी टेप
आणि वडिलांचा ट्रान्झिस्टर, ज्यावर आता
एकही स्टेशन धड लागत नाही.
तोच तर लागतो.
दोन स्टेशनांमधल्या ओसाड जागेत काटा ठेवायचा
आणि भिंतीला टेकवून घरभर फिरायचं,
डॉक्टर पाठीवर फिरवतात तसं.

साडेतीनला भिंत गप्प.
फ्रिज जरा खाकरला.
मोटर लावली, तिनं एक शिवी दिली नि विसरली.
"सहापर्यंत थांबा," बाई म्हणाल्या,
"रोज मिनिटभर उशीर करतो मेला."

थांबलो. वही परत पाहिली.
मिनिटभर उशीर कोण करतं रोज?
शेजारचा वेल्डिंगवाला तर नाही,
तो वाटेल तेव्हा येतो, वाटेल तेव्हा जातो.
संक्रांतीनंतर तिळातिळानं वाढतं काय?

"दिवे कोण लावतं, बाई?"
"मी कुठली. निषादनं दिवाळीत बसवले, कोचीहून येऊन.
सूर्य मावळला की आपसूक लागतात.
गेल्या वर्षी पॅसेजात पडले ना मी,
बटणापर्यंत पोचायच्या आत."

खिडकीबाहेर गुप्तांची नवी चौमजली.
पश्चिम तिच्यामागे राहायला गेलेली,
या घरात सूर्य मावळलेला कळायची सोय नाही.
तारीख एकतीस. सहाला एक मिनिट कमी.
टिक्, पॅसेजात उजेड.
टिक्, अंगणात. टिक्, मोरीत.
आणि ट्रान्झिस्टर तडतडला,
तापल्या तेलात मूठभर मोहरी पडावी तसा.

पुढचं सोपं असतं.
एकेक खटका पाडायचा.
अंगण, तडतड चालूच. मोरी, चालूच.
पॅसेज पाडला, आणि भिंत मुकी.
दिवा स्वस्तातला, पोटातलं सर्किट त्याहून स्वस्त,
आणि केसिंगपट्टीत तीस फूट
विजेची तार नि छत्रीची वायर एकाच कुशीवर निजलेल्या.
वायरीचा जोड कुणीतरी दातांनी सोलून टेपनं गुंडाळलेला,
जाळी कुठंच टेकत नव्हती.
मग ती दिव्याची कुरकुर ऐकणारच,
आणि ऐकलेलं बातम्यांत ओकणारच.

वायर पट्टीतून काढून चौकटीवरून नेली.
जोड नवा, दाबून.
मेलेल्या मॉनिटरच्या केबलवरचं फेराइटचं काळं कडं
डब्यामागे अडकवलं. दिवा बदलला.
"वेळ तेवढी बंद नका करू,"
मी विचारायच्या आत बाई बोलल्या.

सहा चाळीसला मुलगी अख्खी होती, जबडा जागेवर.
साडेतीनशे झाले. बाईंनी तीनशे दिले,
ट्रान्झिस्टरकडे बघत म्हणाल्या,
"हे काय मशीन आहे होय?"

मग वही ओढली.
एकतीस, पाच एकोणसाठ.
पुढे "फु" लिहिलं आणि पेन थांबलं.
मी जोडे घालत होतो, उगाच हळू.
बाईंनी "फु" खोडला, नीट, दोनदा,
आणि लिहिलं : "लागले."