सालमेचा कान

चाळीस वर्षं मी कोटांना काजं केली
टाल्लिनच्या बंदराजवळच्या कारखान्यात,
जिथे आता काचेचं हॉटेल आहे.
म्हणून केर्तू, वरच्या मजल्यावरची, वय चौदा,
म्हणाली, "हेल्यू, तुला हे सहज जमेल,
नुसतं रफू तर आहे."

रफूच आहे.
चांगल्या जागेवरून चिमूटभर उचलायचं,
फाटल्या जागी ठेवायचं,
कडा मऊ, उजेड त्याच अंगाने,
आणि टाका कुणाला दिसू द्यायचा नाही.

पहिला महिना वाया गेला.
अस्वल निळं झालं.
फ्लेमिंगो इतके गुलाबी
की केर्तू म्हणाली, लग्नातला केक.
हिमघुबडाची तीन पिसं मी चुकून पुसली
आणि चौथं दोनदा लावलं.
"रंग म्हणजे मीठ," ती म्हणाली,
"चाखत चाखत घाल."
कुठून येतं हे चौदाव्या वर्षी?
मला त्या वयात फक्त एक अंगुस्तान मिळालं होतं,
तेही सैल.

मग जाळी शिकले.

सालमे म्हणजे लिंक्स, कानांवर काळे झुबके,
माणसांकडे बघते ते त्यांच्या पलीकडचं काही बघावं तसं.
नोव्हेंबरात दुपारी तीनलाच उजेड आवरतं घेतो,
तेवढ्यात जे मिळालं ते मिळालं.
तिच्या ओंजळीएवढ्या चेहऱ्यावर
जाळीचे एकोणतीस चौकोन.
एका चौकोनाला एक संध्याकाळ.
तारेखाली मिशी कुठून कुठे गेली असेल,
ठिपका कुठे वळला असेल,
सगळा अंदाज.
अंदाजाचं मला भय नाही.
गिऱ्हाईक दारात उभं राहिलं
की कुठला खांदा उतरता आहे ते मला कळायचं,
त्याला स्वतःला माहीत नसलं तरी.

शेवटच्या रात्री चित्र चारशे टक्के मोठं केलं.
उजव्या कानाच्या कडेला एक खाच दिसली,
जवाच्या दाण्याएवढी.
तारेचंच काही उरलं असेल.
डाव्या कानाची कड उलटी करून तिथे बसवली,
केस केसाला जुळवला.
चहा गार झाला, मला पत्ता नाही.

छापून घेतलं. गुळगुळीत कागद, मोठा आकार.
मागच्या फाटकाशी टाइवो बादल्या विसळत होता,
गेली सोळा वर्षं तोच तिला खायला घालतो.
त्याने आधी हात पँटला पुसले,
मग चित्र धरलं, फक्त कोपऱ्यांना.
"सुंदर आहे," तो म्हणाला. "कोण ही?"

"सालमे."

"छे."
त्याने कानावर बोट ठेवलं, कागदाला न लावता.
"इथे तिचा भाऊ चावला होता.
पहिल्याच हिवाळ्यात, हरणाच्या फऱ्यावरून.
त्याला नंतर दुसरीकडे पाठवलं. कुठे, ते आता
ऑफिसातही कुणाला सांगता येणार नाही."
मग बादली उचलून म्हणाला,
"मी अंधारात तिला त्या खाचेवरूनच ओळखतो."

परतीच्या बसमध्ये मी चित्र मांडीवर पालथं ठेवलं.

मूळ फोटो वेगळा जपून ठेव,
केर्तूने शंभरदा सांगितलं होतं.
मी त्याच्यावरच काम केलं होतं.
कापडाची कुठे प्रत काढतात?

म्हणून काल रात्री, जन्मात पहिल्यांदा,
मी मुद्दाम फाडायला बसले.
सात वेळा खाच पाडली.
सातही वेळा कात्रीने कापल्यासारखी दिसली.
दातांनी फाटलेलं वेगळं असतं,
त्याला एक घाई असते,
ती माझ्या हाताला येत नाही.
हात फार वर्षं नीटनेटका राहिला.

उद्या दहाला फाटक उघडतं.
कॅमेरा चार्जिंगला लावला आहे.
जाळी असेल, असू दे,
उजवी बाजू मिळाली म्हणजे झालं.
केर्तूला अजून सांगितलेलं नाही.