विसण

पाणी तापायला नऊ तास लागतात,
भांडण तापायला एक मिनिट.
शिवोलीच्या या तलावावर,
तलाव कसला, पंधरा मीटरची निळ्या फरशीची टाकी,
मी पंप लावतो, क्लोरीन मोजतो
आणि जानेवारीत, बाहेर वीस अंश असताना,
भिंतीवरच्या एका बटणापुढे उभा राहतो.

सहाला रेजिनाल्द पेरैरा.
वय एकाहत्तर, चाळीस फेऱ्या.
त्यांना सत्तावीस हवं.
तिसाच्या पाण्यात पोहणं म्हणजे
सूप ढवळणं, म्हणतात.
दहाला डॉक्टर मुग्धाची बाळं,
बत्तीसच्या खाली ओठ निळे पडतात त्यांचे,
आणि आया माझ्याकडे अशा बघतात
जशी थंडी मीच आणली घाटावरून.
नार्वेकर खिडकीतून बिल हलवून दाखवतात.
त्यांच्या मते योग्य तापमान एकच:
ज्याला मीटर फिरत नाही ते.

मी मधला आकडा काढला, साडेएकोणतीस.
त्या आठवड्यात सगळे सारखेच नाराज होते.
याला न्याय म्हणायचं तर म्हणा.

चारला बेनेदिता येते.
गुडघ्यांत दोन नव्या वाट्या,
कठडा घट्ट धरून पहिल्या पायरीवर थांबते,
घोटा बुडवते, काढून घेते.
किती हवं, मी विचारलं.
"आकडो म्हाका कळना रे," म्हणाली,
"तिसऱ्यो काडटना आसतालें, तितलें."

चाळीस वर्षं ती शापोराच्या पात्रात उभी होती,
कमरेला दोरी, दोरीला तरंगती टोपली,
टाचेनं चिखल चाचपत.
टाचेला लागलं की वाकायचं.

घरी आईला विचारलं.
आमच्या न्हाणीत तांब्याचं भाण होतं,
चुलीच्या काजळीत जन्मभर बसलेलं.
आई पाण्यात कोपर बुडवायची, बोटं नाही.
बोटांना सगळं सोसतं, म्हणायची.
कढत, मग ऊन, मग कोमट,
आणि ऊन-कोमटाच्या मध्ये कुठेतरी
एक बिनशब्दाची जागा,
तिथे तिचा तांब्या थांबायचा.
विसण किती घालायचं गं?
"अंग कुणाचं, त्यावर."

रविवारी ओहोटी पाहून नदीवर गेलो,
तलावाचा थर्मामीटर पिशवीत घालून.
तीन बायका पात्रात होत्या.
एकीनं विचारलं, काय बघतोस?
ताप, म्हटलं.
नदीला ताप आला म्हणून त्या
टोपल्या हलेपर्यंत हसल्या.

काठाशी, उन्हानं तापलेलं, एकतीस.
कमरेपाशी साडेअठ्ठावीस.
आणि खाली, बोटं रुततात त्या गाळात,
सव्वीसला जेमतेम.

म्हणजे आकडा नव्हताच.
बाई एक आणि तापमानं तीन,
एकावर एक, चाळीस वर्षं,
आणि माझा पंप सगळं ढवळून
एकच करत होता, रात्रंदिवस.

सोमवारी सकाळी बाळांसाठी वाढवलं.
बाळं गेल्यावर हीटर बंद केला.
दुपारी पंपही.
आच्छादन अर्धं गुंडाळलं, ऊन पडू दिलं.
पाणी हळूहळू स्वतःचं स्वतः
वर-खाली निवडत गेलं,
जसे पाहुणे गेल्यावर घरातले
आपापल्या जागी बसतात.

बेनेदितानं घोटा बुडवला.
मग पोटरी, मग कंबर.
काही बोलली नाही.
कठडा सोडला.

नार्वेकर खिडकीतून ओरडले, पंप का बंद?
वीज वाचवतोय, म्हटलं.
वहीत चारच्या रकान्यात
तीन आकडे लिहायला जागा नव्हती,
मी रिकामाच ठेवला.

ती टाकीच्या मध्यावर उभी होती,
डोळे मिटलेले,
उजवी टाच फरशीवरून सरकत,
सांध्यासांध्यात चाचपत.
एकदा थबकली.
मलाही वाटलं,
आता वाकेल.