काठीच्या टोकाला

मे महिन्यात साळावलीचं पाणी उतरलं
आणि कुर्डी वर आली, भेगाळलेली, करडी.
मालिकावाले हरखले: अगदी सहा कोटी वर्षांपूर्वीची जमीन!
आम्ही मोजत होतो चाळीस.

शाणू गावकराला त्यांनी रोजचे आठशे ठरवले.
हातात बारा फुटांची काठी, टोकाला टेनिसचा पिवळा चेंडू.
"काका, तुम्ही म्हणजे तो प्राणी. चेंडू म्हणजे त्याचा डोळा.
नटी त्याच्याकडे बघून घाबरेल.
जनावर आम्ही नंतर घालू, कॉम्प्युटरवर."

"जरा पुढे सरका!" दिग्दर्शक ओरडला.
शाणू जागचा हलेना.
"पुढे कसा येऊ? पुढे न्हाणी आहे."

सगळे चिखलाकडे बघत राहिले.
मी चहाची किटली घेऊन उभा, मला दिसली:
चार चिरे,
भाणाखालच्या चुलीचा खळगा.

दिवाळीनंतर तो भाग लागला. गाव केव्हाच बुडालं होतं.
वालकिणीच्या वसाहतीत एका टीव्हीपुढे आम्ही सोळाजण.
हवेला काचेसारखी चीर गेली,
नटी त्यातून भूतकाळात उतरली,
आणि शाणू होता तिथे
खवल्यांचा डोंगर, मान वळवून बघणारा.
काठी पुसलेली, चेंडू पुसलेला,
शाणूसुद्धा.

पोरं किंचाळली. कुणीतरी आवाज वाढवला.
शाणू उठला, चष्मा वर सारून
पडद्यावर बोट टेकवलं, जनावराच्या नखांपाशी.
"बघ," मला म्हणाला,
"न्हाणीवर पाय नाही दिला हां त्याने."

मग साबणाची जाहिरात लागली.