संदर्भ हवा

मच्छीमार सोसायटीचं शटर ओढून,
बर्फाच्या पावत्या तारेत ओवून झाल्या
की मी रोज रात्री कुणाला तरी वगळतो.
ज्ञानकोशात कुठली नोंद राहील, कुठली जाईल
हे ठरवणाऱ्या बिनपगारी माणसांतला मी एक.
आतापर्यंत आमदारांचे दोन पुतणे,
कुडाळचं एक मसाल्याचं दुकान
आणि स्वतःला महाकवी म्हणवणारा एक मुख्याध्यापक
माझ्या हातून गेले. वाईट वाटलं नाही.

आज समोर 'सुकती'.
माहितीपट, एकेचाळीस मिनिटं.
दिग्दर्शक इनास लुद्रिक, राहणार आचरा.
विषय : खाडीच्या खडपावर कालवं फोडणाऱ्या बायका.
शेरा कुणी आधीच मारलाय :
'उल्लेखनीयता सिद्ध होत नाही.
सात दिवसांत निर्णय घ्यावा.'

नियम सोपा आहे, नवख्यांना मीच शिकवतो.
दोन स्वतंत्र स्रोत, सविस्तर,
ज्यांचं फिल्मशी घेणंदेणं नाही असे.
शोधले.
एक मिळाला : जिल्हा आवृत्ती, पान पाच,
बैलगाडी शर्यतीच्या निकालाखाली चार ओळी.
त्यात इनासचा विनायक झालाय.
दुसरा, एका महोत्सवाचा दाखला.
महोत्सव एकदाच भरला
आणि परीक्षकांत इनासचा मेव्हणा.
जाळी विणायच्या मांडवात चादर बांधून केलेला खेळ
कुणीच लिहून ठेवला नाही.
ऐंशी माणसं होती. वीज दोनदा गेली.
द्वारकाबाय तारी पडद्यावर स्वतःला बघून
उठून उभीच राहिली,
मागच्यांना काही दिसेना,
तरी तिला कुणी बस म्हटलं नाही.
मला हे माहीत आहे, कारण मी मागे होतो.
मला माहीत असणं हा स्रोत नव्हे.

पुन्हा लावली फिल्म,
आवाज बंद करून, आपला कल जाऊ नये म्हणून.
छायांकन बेताचं. मधे एक होडी उगाच.
एकोणतिसाव्या मिनिटाला पाणी वळतं.
बायका मान वर न करता मागे सरकतात,
घोट्यांनी पाणी मोजत,
आणि चौकटीच्या अगदी कडेला एक हात येतो.
कोयती. अंगठ्यावर गुंडाळलेली
सायकलच्या ट्यूबची पट्टी.
ती पट्टी मी कापून दिलेली, आठवीत असताना.
हात माझ्या आवशीचा.
तोंड दिसत नाही. श्रेयनामावलीत नाव नाही.
ती गेली त्याला नारळी पुनवेला तीन वर्षं होतील.

हितसंबंध असल्यास चर्चेतून दूर व्हावं,
हाही नियम.
त्याच्या मसुद्यातले दोन स्वल्पविराम माझे.

असती तर तिला विचारलं असतं.
म्हणाली असती, 'पुरावो होयो? मगे तेंका कवचां दाखय.'
परड्यात कवचांचा ढीग अजून आहे, कमरेएवढा,
तळाशी चुना झालेला.
त्याच्यावर कुणी सविस्तर लिहिलेलं नाही.

दोन्हीकडचे मुद्दे मला पाठ आहेत.
ठेवली, तर तो मुख्याध्यापक उद्या विचारेल, माझं काय?
आणि त्याचं बरोबर असेल.
काढली, तर कालवं महाग होणार नाहीत,
स्वस्तही नाहीत.

सहाव्या रात्री लिहिलं :
'तटस्थ. या फिल्ममध्ये माझ्या आईचा हात आहे.'
दहा मिनिटांत लातूरच्या एका सदस्यानं विचारलं :
'हात आहे म्हणजे? निर्मितीत का?'
मी 'हो' लिहिलं. पुसलं.
'नाही' लिहिलं, तेही पुसलं.

सकाळी इनासकडे गेलो.
होडी उपडी घालून तो फटी बुजवत होता.
म्हटलं, कुणाकडून तरी लिहून घे, चांगलं दोन पानं,
पण ओळखीचा माणूस नको.
त्यानं हाताचा चीक पँटला पुसला
आणि एकदा किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.
'हंयसर,' म्हणाला,
'वळखीचो नाय असो माणूस खंय गावतलो?'