किरकोळ

सावद्याच्या पॅकहाऊसमध्ये काटा खोटं बोलत नाही.
तेरा किलोची पेटी तेराच भरते.
फणीला एक केळं जास्त झालं
की बेबाबाई ते कापून बाजूला टाकतात,
चिकाने बोटं काळी होईतो.

मी आतल्या खोलीत, वहीपाशी.
वहीत एक रकाना आहे : किरकोळ.
रोगमुक्तीच्या दाखल्याचे आठशे
(पावतीचे वेगळे, हे टेबलाखालचे),
नाक्यावर दोनशे,
आणि बंदरावर कंटेनर रांगेत पुढे सरकावा म्हणून
किती, ते लीलाधरभाऊ फोनवर ऐकतात
आणि मला बोटांनी दाखवतात.
तोंडाने आकडा कोणी काढत नाही.

मार्चात हॉलंडच्या कंपनीचा आठ पानी कागद आला :
कोणत्याही देशात, कोणत्याही अधिकाऱ्याला,
काम लवकर व्हावं म्हणून आम्ही काहीही देत नाही.
सही करा.
भाऊ म्हणाले, मराठीत सांग.
त्यांच्याकडे याला एकच शब्द आहे, मी म्हटलं.
आपल्याकडे चहापाणी, चिरीमिरी, वरची, दिवाळी,
हात ओले करणं, फायलीवर वजन ठेवणं.
यातलं कोणतं देत नाही म्हणून लिहायचं?
भाऊ हसले नाहीत.

खाली त्यांच्या माणसाची सही आधीच होती.
त्यानेच गेल्या साली दुबईच्या हॉटेलात
पेटीमागे चार रुपये मागितले होते,
सल्ल्याचे.

भाऊंनी सही केली.
नुसती केली असती तर चाललं असतं.
त्यांनी ती खरी धरली.

मे महिना. रावेरला पारा सेहेचाळीस.
तिकडे बंदरावर आमचा कंटेनर नऊ दिवस उभा.
स्पेलिंग चुकलंय. साहेब रजेवर आहेत. सर्व्हर बंद.
मग एका रात्री कुणीतरी प्लग काढला
आणि साडेतेरा अंशांचा गारवा
पेट्यांमधून हळूहळू निघून गेला.
फोटो आला.
हिरवी पाठवलेली ती केळी
इतकी सुंदर पिवळी झाली होती
की मी मोबाईल उलटा ठेवला.

संध्याकाळी वही उघडली.
किरकोळमध्ये ते मावेना.
पट्टी घेतली, नवा रकाना आखला :
न दिलेली लाच, नऊ लाख चाळीस हजार.
"वैजयंता, ऑडिटर काय म्हणीन?"
इतकी वर्षं तो काही म्हणाला नाही भाऊ,
मी म्हटलं, आता म्हणू द्या.
त्यांनी वही ओढून घेतली,
ओळ दोनदा वाचली,
खोडली नाही.

बाहेर नवा कंटेनर मागे येतोय.
पोरगा ओरडतोय, येऊ द्या, येऊ द्या, बस.
बेबाबाईंनी कोयता पुसला.
फोन वाजतोय, बंदरावरचाच नंबर.
भाऊ कानाला लावून ऐकताहेत.
दुसरा हात टेबलावर पालथा.
पेन उघडून मी
त्यांच्या बोटांकडे बघत बसले आहे.