पान बेचाळीस ते सत्तेचाळीस

हरभट रोडच्या रद्दीवाल्यानं
पुस्तक पारड्यात टाकलं, दीड पाव भरलं.
म्हणाला, पुरातलं आहे, ओल धरली नाही वजनात.
मी हळदीच्या अडतीत हिशेब लिहितो.
ओल मला सांगू नये.

गिटार भाच्याची. तो पुण्याला गेला,
ती माळ्यावर राहिली, पाच तारांची.
सहावी मिरजेहून आणली,
सतारींच्या गल्लीत विचारत विचारत.
दुकानदार म्हणाला, शिकवतं कोण?
म्हटलं, पुस्तक.
तो हसला नाही.
तार गुंडाळून देताना म्हणाला,
पुस्तकाला ऐकू येत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

रात्री हरिपुरात, जेवणं झाल्यावर,
एका मांडीवर गिटार, दुसरीवर
नववीतला शब्दकोश.
स्केल म्हणजे माशाचा खवला.
स्केल म्हणजे तराजूचं पारडं.
स्केल म्हणजे मोजपट्टी.
स्वरांपर्यंत पोचायला दुसरा दिवस उजाडला.

होल, होल, हाफ,
होल, होल, होल, हाफ.
हे मात्र लगेच बसलं.
पोतं, पोतं, अर्धं,
पोतं, पोतं, पोतं, अर्धं,
अशी थप्पी वीस वर्षं वहीत उतरवतोय.
फक्त आता ती बोटांना टोचते.
कांचन म्हणाली, हळद लावा,
तेवढी तरी घरात येऊ दे.

एकदा प्लेक्ट्रम आत पडलं.
गिटार उलटी करून हलवली.
शर्टाचं बटण पडलं,
पुण्याच्या एसटीचं तिकीट पडलं,
प्लेक्ट्रम नाही.
भोकाला डोळा लावला. काळोख,
जुन्या लाकडाचा वास.

आमचे अण्णा पेवात उतरायचे.
आधी दोरीनं कंदील सोडायचे.
जळत राहिला तर माणूस आत.
विझला तर तोंड उघडं ठेवून बसायचं काठावर,
खाली हवा जाईपर्यंत, बिड्या ओढत.
पेवांत पाणी शिरलं, आता कुणी उतरत नाही.
मी भोकाशी तोंड नेऊन
हळूच म्हटलं, अण्णा.
सहाही तारा जराशा हलल्या.

चाळीस पानांपर्यंत मेजर.
एकेचाळिसावर नुसतं मोठ्या अक्षरात: मायनर.
आणि मग वीट.
बेचाळीस ते सत्तेचाळीस गाळानं एकजीव.
चहाची वाफ दिली, ब्लेड लावलं,
इस्त्रीसुद्धा फिरवली, तेव्हा कांचन ओरडली.

बाबगोंडा मगदूम आमच्याकडे तोलार,
गुरुवारच्या भजनात पेटीवर.
डबा खाताना त्याला वीट दाखवली.
त्यानं हातसुद्धा लावला नाही.
म्हणाला, सात सूर आल्यात न्हवं तुला?
मग धैवताला सा म्हण आणि चाल.
माणसं तीच, उंबरा दुसरा.

रात्री सहाव्या सुरावर जाऊन बसलो
आणि तिथून निघालो.
तीच बोटं, तेच पडदे, एकही सूर नवा नाही,
पण मांडव उतरल्यावर
तेच अंगण जसं दिसतं, तसं काहीतरी.
कांचन भांडी घासायची थांबली.
काय झालं, म्हणाली.
मला सांगता आलं नाही. पान चिकटलेलं होतं.

सकाळी बाबगोंडाला काट्यापाशी गाठलं.
गंधार, धैवत, निषाद कोमल, तो म्हणाला,
आसावरीचा थाट झाला की रं.
मी पेन काढलं.
लिहू नको, म्हणाला, आणि पुढं काही सांगणार
तेवढ्यात राजापुरीची गाडी लागली.

मग मी बिलबुकातला कागद फाडून
बेचाळिसावं पान स्वतःच लिहिलं.
सवयीनं मधोमध रेघ मारली गेली,
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
कोमल सूर नावे टाकावेत की जमा,
हे अजून ठरलेलं नाही.

शेवटी चाचणी आहे, वीस प्रश्न.
सातवा: सलग वाजवताना
कोणत्या सुरावर घरी आल्यासारखं वाटतं?
उत्तरं पान दोनशे बारावर.
पुस्तक एकशे शहाण्णवला संपतं.

रद्दीवाल्याकडे जाऊन आलो.
तो म्हणाला, तेवढी पानं
वजनात धरलीच नव्हती.